नसा मोकळ्या करणारा गिझर

"वनिते, पाट कुठं ठिवलास गं माझा?"

बाथरूमच्या आतून सोजरबाई ओरडत होत्या. आवाज असा, की लोह्याच्या स्टँडवर उभी असलेली देगलूर गाडी बेल समजून निघाली असती.

"उन्हात वाळू घातलाय, आत्या," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. "खालून कुजायलाय. आजच्या दिस फरशीवरच बसा."

"बसते बाई. आता काय करती."

मी बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो. नांदेडला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझी सावली पडली की बंद पंखे फिरायला लागतात, असं लोक सांगतात. म्हणजे लोकांना तसं मीच सांगितलेलं आहे. सोजरबाईंचा मुलगा प्रल्हाद माझं जुनं गिऱ्हाईक. घरात दोन गिझर, दोन्ही त्याच्या लग्नाच्या वेळचे. ठेवायचे की बदलायचे, एवढंच बघायला त्यानं लोह्याला बोलावलं होतं. दारात जयभीम झाला, चहा आला, वरच्या बाथरूमचा गिझर बदलायचा हे दोन घोटांत ठरलं. घोडं अडलं खालच्यापाशी. तो आईचा.

"आई हात लावू देईना, मामा," प्रल्हाद म्हणाला. "त्या पाण्यात गुण हाय म्हणती."

"कसला गुण?"

"नसा मोकळ्या व्हतात म्हणं. आंघोळ करताना अंगाला मुंग्या येतात. गल्लीतल्या गुडघेदुखीच्या बाया बी येऊन राहिल्या आंघोळीला."

मी पोट धरून हसलो. गरम पाण्याच्या झऱ्यासाठी लोक किनवटपुढं उनकेश्वरला जातात, आणि यांनी झरा घरातच बसवला होता.

हसता हसता माझा कप तोंडापाशीच थांबला.

"मुंग्या कधी येतात रे? पाणी अंगावर घेतल्यावर, का नळाला हात लावल्यावर?"

"नळ धरल्यावर."

माझ्या अंगावर असा काटा आला, की शर्ट वर उचलला गेला असेल. कारण सांगतो. गिझरच्या टाकीत पाणी तापवणारी कॉइल असते. बोअरच्या क्षारानं तिचं कवच चिरलं की करंट पाण्यात उतरतो. पाण्यातून टाकीत, टाकीतून नळात. भिंतीतली अर्थिंगची वायर जागेवर असली तर तो तिच्यातून जमिनीत जातो. नसली तर नळ धरलेल्या माणसातून जातो. सोजरबाई आजवर जिवंत होत्या त्या लाकडी पाटामुळं. पाट कोरडा असता तर त्यांना काहीच कळलं नसतं. तो ओलसर, म्हणून नुसत्या मुंग्या. गल्लीतल्या बायांनाही बसायला तोच पाट.

आणि आज तो पाट उन्हात होता.

मी बाथरूमच्या दारावर थाप मारली. "बाई, नळाला हात लावू नका."

"कोन हाय?"

"लाईटवाला."

"बाईमाणूस आंघोळीला बसलंय अन् दारं बडवायलास? लाज हाय का न्हाई?"

"हाय. पण नळ धरू नका."

"मंग पाणी काय तोंडानं ओढू?"

प्रल्हाद दाराला तोंड लावून म्हणाला, "आई, नळात करंट हाय."

"करंट न्हाई रे, गुण हाय त्यो." बादली सरकवल्याचा आवाज आला.

मी गिझरच्या स्विचकडं झेपावलो. स्विच बंदच होता.

"बंदच असतोय मामा," प्रल्हाद म्हणाला. "पाणी तापलं की बंद करून मंगच ती आत जाती."

स्विच बंद आणि तरी मुंग्या, म्हणजे तो उलट्या वायरवर बसवलेला. गिझरला दोन वायरी असतात. एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. स्विच येणाऱ्या वायरवर लागतो. इथं कुण्या शहाण्यानं तो परतीच्या वायरवर लावला होता. बटण दाबलं की पाणी तापायचं थांबे, करंट मात्र टाकीत बसून राही. वाघ अंगणात आणि पिंजऱ्याला कुलूप.

"मेन स्विच कुठंय?"

"गव्हाच्या कोठीमागं."

त्या कोठीत अख्ख्या हदगाव तालुक्याचा गहू असावा. आम्ही दोघं खांदा लावून रेटायला लागलो. कोठी हलेना. वनिता धावत येऊन तिसरी भिडली. बाथरूममधून पुटपुटणं ऐकू येत होतं, "मेल्या साबणाचा कागदच निघंना. मंग सोडते नळ." कोठी वीतभर सरकली. मी फटीत हात घातला, कातडी सोलून निघाली, लोखंडी दांडी हाताला लागली. ओढली.

पंखा थांबत गेला.

"आई?" प्रल्हाद म्हणाला.

त्यानं दार ठोकलं.

"आई?"

वनितानं तोंडावर पदर धरला. मला माझ्याच छातीतले ठोके ऐकू येत होते, आणि ते गल्लीलाही ऐकू जात असणार.

मग बादलीत पाण्याची धार पडली.

"लाईट कामून घालवलाव?" आतून आवाज आला. "अंधारात साबण दिसंना मला."

प्रल्हाद तिथंच गव्हाच्या कोठीला टेकून खाली बसला.

बाई बाहेर आल्यावर मेन चालू केला आणि सगळ्यांदेखत टेस्टर नळाला लावला. तो असा पेटला, की त्या उजेडात लग्नपत्रिका वाचता आली असती. दोन्ही गिझर त्याच दिवशी उतरवले. नवे बसवले, स्विच सरळ वायरवर घेतला, अंगणात खड्डा घेऊन नवं अर्थिंग केलं. बोर्डात ईएलसीबी टाकला. करंट भलतीकडं निघाला की हा डबीएवढा पहारेकरी माणसाचा घात व्हायच्या आत सगळी लाईट पाडतो.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आधी हे विचारत नाही, की गिझर किती जुना. नळ धरल्यावर काय होतं, ते विचारतो. कुणी "बरं वाटतं" म्हणालं, तर चहा न पिता आधी मेन स्विच गाठतो.

पुढच्या आठवड्यात लातूरला जाताना लोह्याला उतरलो. सोजरबाई ओसरीवर त्याच पाटावर बसून शेंगा फोडत होत्या.

"कसं हाय बाई नवं पाणी?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तापतंय," म्हणाल्या. "पन त्याच्यात काय दम न्हाई."