बारावा हूक

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. ग्राउंडवरून नुकतीच घरी आलेय, आई जेवायला हाका मारतेय आणि मी टाईप करत बसलेय, कारण उद्या ऑफिसला गेले की हे सगळं निवून जाईल.

नाखवा सर गेले त्याला सहा आठवडे झाले. मी उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. दुपारी जेवताना आमच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर मेसेज आला, 'सर गेले.' मी लगेच टाईप केलं, 'कुठे?' पाठवलंसुद्धा. खाली कुणीतरी हात जोडलेले टाकले, तेव्हा कळलं. माझं ते 'कुठे?' अजून ग्रुपवर तसंच आहे... काढावंसं वाटत नाही.

सर पनवेलच्या आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमचे कोच. मूळचे उरणकडचे कोळी, लहानपण होडीवर गेलेलं, आणि स्वतः खेळायचे कबड्डी. बास्केटबॉलला कुणी मिळेना म्हणून कॉलेजनं त्यांनाच उभं केलं. मग सर मोबाईलवर शिकले. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा म्हातारा कोच होता, पांढरे केस, टाय कायम सैल, सगळी नोकरी एकाच कॉलेजात काढलेली. त्याच्या मॅचेस सर बघत बसायचे. त्याचं निम्मं इंग्रजी कळायचं नाही, पण प्रॅक्टिसची सुरुवात ठरलेली, "काल आपल्या म्हातार्‍यानं काय केलं, बगितलं का?" जणू तो पलीकडच्या आळीत राहतो. एकदा मुंबईच्या एका क्लबनं सरांना बोलावलं तर म्हणाले, "म्हातारा गेला का कालेज सोरून? मंग मी कशाला जाव?"

आणि नेट. रिंगला असतं ना जाळं, ते विकतचं सर कधी लावायचेच नाहीत. मासेमारीच्या नायलॉनचं स्वतः विणायचे, जाळं विणायची चपटी लाकडी सुई घेऊन, पायरीवर बसून, एक डोळा आमच्या डिफेन्सवर. त्या नेटमधून बॉल गेला की 'सप्प' असा आवाज यायचा. आम्ही त्या आवाजासाठी खेळायचो, खरंच.

मी सेकंड इयरला असताना आम्ही जिल्ह्याची स्पर्धा जिंकलो. सरांनीच दाखवलेल्या व्हिडिओत म्हातार्‍याची टीम फायनल जिंकल्यावर शिडीवर चढून नेट कापते, एकेक तुकडा प्रत्येकाला. म्हणून मी आईच्या शिलाईच्या डब्यातली कात्री आणलेली. ग्राउंडवर स्टुलावर चढले तर खालून सरांचा आवाज, "सायले, उतर खाली."

"सर, अमेरिकेत कापतात."

"जालं कोन कापतं गं? फाटलं तं शिवायचं." मग माझ्या हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाले, "एवरा मोटा मानूस, पन दर्या बगला नसंल त्यानं."

आम्ही हसून हसून खाली बसलो. पण त्या दिवशी सरांनी नवीनच पद्धत पाडली. रिंगला बारा हूक असतात आणि टीममध्ये आम्ही बाराजणी. सीझन संपला की सर नवीन नेट विणणार आणि प्रत्येकीनं आपापला हूक बांधायचा. जिंका नाहीतर हरा. मी सगळ्यात शेवटची, बारावी.

पुढच्या वर्षी सेमीफायनलला आम्ही एका पॉइंटनं मागे, काही सेकंद उरलेले आणि मला दोन फ्री थ्रो. दोन्ही बाहेर गेले. कुणाशी नजर न मिळवता मी बॅग उचलून निघाले. त्या आठवड्यात सरांचा फोन आला, "रविवारी नेट बांदायचा हाय."

"ताप आहे सर." ताप नव्हता.

सर म्हणाले, "बरं. हूक कुटं पलत नाय."

मग माझी परीक्षा झाली, नोकरी लागली. सर कधीमधी फोन करायचे आणि मी दर वेळी 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणायचे. ते आजारी होते हेसुद्धा मला ते गेल्यावरच कळलं.

आज शेवटी मी गेले. ग्राउंडवर मुली खेळत होत्या, बॉल रिंगमध्ये जात होता, पण आवाज वेगळाच. फट्ट. वर बघितलं तर नेट एका बाजूला लोंबत होतं. अकरा हूक बांधलेले, एक मोकळा.

आताची कॅप्टन, आपटा गावची पूर्वा, जवळ आली. म्हणाली, "ताई, नेट जुन्या टीमचंच आहे. सर आजारी, मग नवीन झालंच नाही. आम्ही ती बाजू बांधतो म्हटलं तर सर ओरडायचे. 'सायलेचा हाय तो, हात नाय लावायचा.' सायली म्हणजे तुम्हीच ना?"

मी नुसती मान हलवली.

सरांच्या बायको, काकू, पायरीवरच बसलेल्या. सरांची ती सुई मुलींना द्यायला उरणहून आलेल्या. मी त्यांना म्हटलं, काकू, मला गाठच आठवत नाहीये. तर म्हणाल्या, "तुज्या सरांना तरी कुटं येत व्हती? माजा बाप हसायचा त्यांच्या गाठींना. हिकरं ये." आणि माझ्या बोटांभोवती दोरा फिरवून दाखवला. मी उलटा घेतला की हातावर चापट. पाच वेळा चुकले. सहाव्या वेळी त्यांनी ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "हां. त्यांच्यापेक्षा बरी हाय."

मी स्टुलावर चढले. बांधला.

मग फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले. पहिला बॉल रिंगवर आपटून बाहेर. मुली हसल्या, मी पण. दुसरा आत गेला... सप्प. काकूंनी पायरीवरून मान वर केली. तो आवाज त्यांना ओळखीचा असणारच.

सुई काकूंनी मुलींसमोर माझ्याच हातात दिली, म्हणाल्या, "जालं म्हंजे हीच गाठ, पुना पुना. पोरींना शिकव, सगल्यांना." म्हणून रविवारी सकाळी परत जातेय. नवीन नेट विणायचंय, बारा मुली आहेत. ताप आला तरी जाणार आहे. सुई आत्ता इथे कीबोर्डशेजारी आहे, तिच्या टोकाला सरांच्या दाताच्या खुणा आहेत. विचारात पडले की चावायचे.

तुमचं झालंय का असं कधी? तुम्ही लाजेनं जायचं टाळलंत आणि तिकडे कुणीतरी तुमची जागा कुणालाच हात लावू न देता तशीच ठेवली?