गारठा मोजताना

वैशाखातल्या दुपारी आमच्या प्रयोगशाळेत शिरलं, की आधी अंगावरचा घाम गार होतो आणि मग त्याचाच वास येऊ लागतो. कारखान्याच्या आवारातून आत आलेला आंबट, घशाला चरचरणारा दर्प त्यात मिसळलेला असतो. खोली दिवसभर पंचवीस अंशांवर धरून ठेवलेली असते. काचेपलीकडे गुजरातच्या हद्दीलगतच्या नरोलीच्या रस्त्यावर ट्रकांमागची धूळ उन्हात तरंगत राहते आणि सकाळपासून उभं राहून जडावलेल्या पोटऱ्यांना वाटतं, ही धूळ तरी बरी, तिला कुठेही टेकता येतं.

माझं काम गारठा मोजण्याचं. आमच्याकडे एक पांढरा क्षार बनतो. मुका मार लागल्यावर दाबून सुजेवर ठेवतात त्या पिशव्यांत तो जातो. पाण्यात विरघळताना तो भोवतीची उष्णता ओढून घेतो आणि पाणी गारठतं. किती गारठतं, त्यावर मालाची पारख. थर्मासासारख्या दुहेरी भांड्यात मोजून पाणी घ्यायचं, पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान टिपायचं, मग कुपीतला वजन केलेला क्षार एकदम आत ओतून झाकण लावायचं, ढवळायचं आणि पारा उतरताना पाहायचा. नववीतून शाळा सुटलेल्या मला विरघळण्यामागचं शास्त्र पुरतं कळत नाही. पण पारा उतरू लागला, की विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून सरकतो तसं काहीतरी माझ्या आत सरकत जातं, एवढं खरं.

तापीकाठच्या गावाहून लग्न होऊन इथे आले आणि पहिलं वर्ष या प्रयोगशाळेच्या मोरीशी काचेची भांडी विसळण्यात गेलं. कामाच्या दुसऱ्याच दिवशी साबणाच्या हातातून एक तापमापक निसटून फुटला. आता नोकरी गेली म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख, मूळच्या कुडाळकडच्या सावंत मॅडम, धावत आल्या आणि काचांकडे न बघता म्हणाल्या, "लागलं नाही ना गो तुला?" परमुलखात इतक्या मायेनं मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. पुढे त्यांनीच मला तराजू शिकवला, पाऱ्याची रेघ डोळ्यासमोर आणून वाचायला शिकवलं आणि कुणाकुणाचं ऐकून घेऊन मला मोरीवरून या टेबलाशी आणलं. त्या दिवसापासून काचेची कुठलीही वस्तू मी सैल धरली नाही.

यंदा चैत्र सरता सरता गारठ्याचं हे काम माझ्या हाती आलं आणि पहिल्या दिवसापासून माझे आकडे बिघडत गेले. माझ्याशेजारी बसणाऱ्या हेतलबेन पदवीधर. त्यांच्या हातून क्षार पाण्याला सहा अंशांनी उतरवायचा, माझ्या हातून साडेपाचच. क्षार तोच, पाणी तेच.

"रेखाबेन, पावडरला चाय पाजता के शुं? रोज गरम आकडा!" हेतलबेन हसायच्या. मीही हसायचे. पण घरी भाकरी थापताना तो अर्धा अंश परातीत फिरत राहायचा. आईचा फोन यायचा, "जेवन व्हयनं का वं?" आणि मी व्हयनं म्हणायचे, खरं तर घास उतरलेला नसायचा. हेतलबेनचा आकडा पाहून आपला तेवढाच लिहिला असता तर कुणाला कळलं नसतं; एका संध्याकाळी पेन तिथवर गेलंही. पण ज्या बाईनं मला पारा वाचायला शिकवलं, तिच्याच वहीत न दिसलेला पारा कसा लिहायचा?

मग माझ्याच आकड्यावरून एक मोठी खेप अडली. वरच्या साहेबांनी मॅडमना सरळ विचारलं, माल कच्चा की बाई कच्ची? मी मोरीशी परत जाणार, ते मनानं केव्हाच मान्य केलं होतं; माझ्यामुळे मॅडमना मान खाली घालावी लागणार, ते मात्र काही केल्या मानवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम स्टूल ओढून समोर बसल्या. आधी हेतलबेननी करून दाखवलं. सहा. मग मी. वजन केलं, कुपीला बूच लावलं, पाणी भरलं, घड्याळ लावलं. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. चौथ्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं, की मॅडम पाऱ्याकडे बघतच नाहीत.

"मूठ उघड गो जरा."

मी उघडली. तळव्यावर कुपी, घामानं ओली. मॅडमनी ती उचलून स्वतःच्या गालाला लावली. "ही तर तापलीय." पडेल, फुटेल या धाकानं पाचही मिनिटं मी तिला पोटाशी मुठीत धरून बसत होते, आणि माझ्या अंगाची ऊब काचेतून क्षारात, क्षारातून पाण्यात, पाण्यातून वहीत उतरत होती.

कुपी अर्धा तास कॉर्कच्या चकतीवर निवू दिली. मग ओतली. पारा सहा अंश उतरून थांबला. हेतलबेननी माझ्या पाठीवर थाप मारली, "चला, आज चाय बंद!" खेप सुटली. मी टेबलाशी राहिले.

आमच्याकडे चुकलेला आकडा खोडत नाहीत. त्यावरून एक सरळ रेघ मारायची, तो खालून वाचता आला पाहिजे, आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहून सही करायची. असे अकरा आकडे होते. "मराठीत लिही," मॅडम म्हणाल्या, "मला वाचता येतं." मी लिहीत गेले: कुपी मुठीत धरली होती. कुपी मुठीत धरली होती. सातव्या ओळीशी मनगट भरून आलं आणि इतक्या दिवसांचा शीण एकदम बोटांत उतरला. मूठ का मिटली होती, ते रकान्यानं विचारलं नाही. विचारलं असतं, तर काय लिहिलं असतं? भीती? की उपकार? त्या दोहोंचं तापमान वेगवेगळं असतं का?

आता कुपी चकतीवर असते आणि मी तिच्यापासून हातभर दूर. त्या पाच मिनिटांत पाणी स्थिर असतं, पारा स्थिर असतो. माझी बोटं मात्र मांडीवर आपोआप मिटत जातात, आणि मुठीत काहीच नसतं.