नाही म्हटलेल्या पुस्तकांची वही

अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं काम केलेल्या बाईवर. केव्हा झाला तेही सांगतो. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो, त्या जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी अकराला पाच कमी. त्या मिनिटाला तिला खुर्चीवरून उठवलं, हातात चहाचा ट्रे दिला आणि तिच्या खुर्चीत दुसराच माणूस बसवला. पुढचं सगळं त्यानंतर घडलं. त्यातलं निम्मं माझ्यामुळे.

कॉलेज कल्याण-डोंबिवलीकडचं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. घाबरून नाही. कारण शेवटी सांगतो.

ती ग्रंथालयातली परिचर. म्हणजे कागदावर पुस्तकं उचलायची, पुसायची आणि ठेवायची, बस. पण ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर संस्थेने ती जागा भरलीच नाही, आणि पुस्तकं देणं, घेणं, फाटकी चिकटवणं, यादी ठेवणं, सगळं तिच्याकडे आलं. पगार परिचराचाच. तोही तात्पुरत्या माणसाचा. दर मे महिन्याच्या शेवटी तिला कामावरून कमी करायचे आणि जूनमध्ये नवा कागद हातात द्यायचे. मध्ये खंड पडला की सलग नोकरी धरत नाहीत, आणि सलग नाही म्हणजे कायम करायचा प्रश्न नाही. असे अकरा मे महिने. हा प्रकार बेकायदेशीर आहे की नाही यावर मी एक पत्रक काढलेलं. प्राचार्य म्हणाले, छान लिहितोस, वृत्तपत्रात जा.

ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, दहावी शिकलेली. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. कॉलेजात ती पुस्तकी मराठी बोलायची. रागावली किंवा हसली की घरचं बोलायची. तिच्या हाताला सतत पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास. "आमच्याकडं बायांच्या हाताला दुसरा वास येतो," ती सांगायची. "सासू म्हणते, ह्यो कसला वास घेऊन येतंस गो तू?"

तिची एक वही होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. कुणी पुस्तक मागितलं आणि ते ग्रंथालयात नसलं, की ती "नाही" म्हणायची आणि लगेच वहीत लिहायची. तारीख, पोराचा वर्ग, पुस्तक, आणि का नाही त्याचं कारण. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती म्हणायची, दिलेल्या पुस्तकांचं रजिस्टर सगळेच ठेवतात; रिकाम्या हाताने गेला त्याची नोंद कोण ठेवणार? कारणं तिच्याच भाषेत असायची. "एकच प्रत, ती सरांच्या घरी." "मागवलं होतं, सही झाली नाही." "उंदीर." एका मुलीची नोंद तीनदा होती, अर्थशास्त्राचं तेच एक पुस्तक. तिसऱ्या नोंदीपुढे लिहिलेलं: "परत आली नाही."

काही नोंदींपुढे लाल बरोबरची खूण असायची. ती कसली ते मला वर्षभराने कळलं. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात तिने स्वतःच्या नावाने वर्गणी भरलेली. तिथून पुस्तक आणून ती पोरांना द्यायची आणि मग लाल खूण करायची.

तर हे एवढं माणूस. आता मूल्यांकन.

देशभरातल्या कॉलेजांना तपासून तारे द्यायची पद्धत त्याच सुमारास आलेली. एक ते पाच. इंग्रजी साप्ताहिकांत देशातल्या उत्तम कॉलेजांच्या याद्याही यायला लागलेल्या, पहिला, दुसरा, तिसरा, जशी काही शर्यत आहे. आमच्या प्राचार्यांनी अशी एक यादी नोटीस बोर्डावर लावली आणि खाली हाताने लिहिलं, "आपण कुठे?" मावशीने वाचलं आणि मला विचारलं, "तारे म्हंजे हाटेलाला देतात तसे?"

"तसेच."

"मग आपली मुतारी बघतील पयली."

मुतारी रंगवली. ती एकच गोष्ट खरी झाली. बाकी दोन महिने आमच्या कॉलेजात जे चाललं त्याला अभ्यास म्हणत नाहीत, सजावट म्हणतात. प्रयोगशाळेत झाकून ठेवायची यंत्रं आली. झाकून यासाठी, की त्यांतली दोन आतून रिकामी होती. कधीच न झालेल्या परिसंवादांचे फोटो काढले. आम्हाला वर्गात बसवून पुढे पाहुणा उभा केला, मागे फळ्यावर तीन वेगवेगळे विषय लिहिले, एकाच दुपारी. माझा शर्ट तिन्ही फोटोंत तोच आहे. अहवालात जाऊन बघा.

आणि पुस्तकं. संस्थेची ठाण्याला नौपाड्यात जुनी शाळा आहे. तिथल्या ग्रंथालयातून टेम्पो भरून पुस्तकं आली. प्रत्येक पुस्तकावरच्या शाळेच्या शिक्क्यावर आमच्या कॉलेजचं लेबल चिकटवायचं काम मावशीकडे. तिने आठ दिवस खळ शिजवली. तिची स्वतःची, शिवून चिकटवून जगवलेली पुस्तकं पोत्यांत भरून व्यायामशाळेत टाकली, कारण ती रॅकवर "बरी दिसत नाहीत."

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही हे का करताय?"

ती म्हणाली, "सरांनी शब्द दिलाय. समिती गेली की माझा कायमचा प्रस्ताव वर जाणार."

"लेखी दिलाय?"

"तुझ्यासारखं सगळंच लेखी मागितलं तर मना उद्याच घरी बसवतील, बाला."

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे वही मागितली. मला पत्रक काढायचं होतं: हे बघा खरं ग्रंथालय. तिने बराच वेळ विचार केला. मग वही वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि एक अट घातली. "मी कायम झाले की छाप. तवर कुणाला दाखवायची नाय. कबूल?"

मी कबूल म्हटलं. लक्षात ठेवा, मी कबूल म्हटलेलं.

मंगळवारी समिती आली. बाहेरच्या राज्यांतले तीन ज्येष्ठ प्राध्यापक. अकराला पाच कमी असताना प्राचार्य ग्रंथालयात आले, त्यांच्याबरोबर नौपाड्याच्या शाळेतले ग्रंथपाल, कोट घालून. "मावशी, तुम्ही जरा चहाचं बघा," प्राचार्य म्हणाले, आणि कोटवाले तिच्या खुर्चीत बसले. मी वाचनकक्षात होतो. आम्हा वीस पोरांना तिथे वाचत बसायचा हुकूम होता.

समितीतल्या एकाने समाजशास्त्राचं एक पुस्तक मागितलं. कोटवाले उठले, पहिल्या रॅकपासून बघायला लागले. एक मिनिट गेलं. दोन गेली. दारात ट्रे घेऊन उभी असलेली मावशी म्हणाली, "चौथं रॅक, खालून दुसरा खण, निळी पाठ." पुस्तक तिथेच होतं. पाहुणे तिच्याकडे बघून हसले आणि ट्रेमधला कप उचलला. कुणीही विचारलं नाही की चहा देणाऱ्या बाईला हे कसं माहीत.

पण मी ज्यासाठी लिहितोय ते पुढचं. समितीच्या अध्यक्षांनी एक पुस्तक उघडलं, पहिल्या पानावरच्या लेबलाचं एक टोक सुटलेलं होतं. त्यांनी अंगठ्याच्या नखाने ते अर्धं वर केलं. खालचा शाळेचा शिक्का बघितला. मी दोन हातांवर होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि मग त्यांनी लेबल परत खाली दाबलं, अंगठा नीट फिरवून, आणि पुस्तक रॅकवर ठेवलं. मावशीची खळ चांगली होती. बसलं लेबल.

माझं डोकं तिथे फिरलं. दुपारी समितीची विद्यार्थ्यांशी चर्चा होती. प्राचार्य बाहेर, दार बंद. निवडलेली पोरं सांगत होती की कॉलेज म्हणजे दुसरं घर. मी उभा राहिलो, पिशवीतून वही काढली आणि अध्यक्षांपुढे ठेवली. म्हटलं, "तुम्ही सकाळी लेबल उचललंत ते मी बघितलं. आता हे बघा." शेजारच्या मराठी कळणाऱ्या सदस्याने त्यांना वाचून दाखवलं. उंदीर, सरांचं घर, तीनदा आलेली मुलगी, सगळं. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, झालं, फुटलं बिंग.

अध्यक्ष म्हणाले, "फार सुंदर. हे तुमच्या ग्रंथालयात नेहमी करतात?"

मी म्हटलं, "हो, म्हणजे एक बाई करतात, पण साहेब, मुद्दा तो नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. वही माझ्याकडे परत आली नाही.

जिन्यात मावशी भेटली. तिला कळलेलं. मोकळा ट्रे छातीशी धरून उभी होती. "दिलीस?" एवढंच विचारलं. मी काहीतरी बोलायला लागलो, व्यवस्था, पुरावा, वगैरे. ती म्हणाली, "तू कबूल म्हटलेलास," आणि खाली गेली.

उन्हाळ्यात निकाल लागला. चार तारे. पेढे वाटले. अहवालाची प्रत मी कार्यालयातून भांडून मिळवली. त्यात ग्रंथालयाचं कौतुक होतं: विद्यार्थ्यांच्या न पुरवलेल्या मागण्यांची नोंद ठेवण्याची स्तुत्य प्रथा, इतर कॉलेजांनी अनुकरण करावं अशी. उंदरांचा उल्लेख नाही. शिक्क्यांचा नाही. लिहिणाऱ्या बाईचा नाही. प्रथा ग्रंथालयाची, जशी काही रॅकांनी आपसात ठरवली. आणि शेवटच्या पानावर सुधारणेसाठी एक शिफारस: ग्रंथालयात पात्रताधारक कर्मचारी नेमावेत.

जूनमध्ये तिला नवा कागद मिळाला नाही.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते रागावलेही नव्हते. "अरे, मी काय करू? समितीचीच शिफारस आहे. त्या दहावी पास. देशपातळीवरच्या माणसांनी लिहिलंय, आता मला डोळेझाक करता येत नाही." मग थोडं हसून म्हणाले, "आणि वही कुणी दिली त्यांना? तुझ्यामुळे अर्धा तारा वाढला असेल बघ."

समितीने जाताना वही प्राचार्यांकडे दिलेली; त्यांनी ती रेक्झिनमध्ये बांधून घेतली. ग्रंथालयाच्या दारातच काचेची पेटी आहे, तिच्यात ठेवली. खाली पितळी पट्टी: "आमची आदर्श प्रथा." कुलूप आहे. नवे ग्रंथपाल पात्रताधारक आहेत. मी एकदा जाऊन अर्थशास्त्राचं तेच पुस्तक मागितलं. नाही म्हणाले. कुठेही काही लिहिलं नाही.

मला उपदेश करणारे बरेच भेटले. वर्तकनगरला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, ते म्हणाले, बाबा, मूल्यांकन वाईट नसतं, माणसं वाईट असतात. मी हे मानत नाही. ज्या तपासणीची तारीख दोन महिने आधी कळते, जिचा पाहुणचार तपासला जाणाराच करतो, आणि जी लेबल उचलून परत दाबते, ती तपासणी नाही. ते लग्न जमवणं आहे. चांगली माणसं बसवा तिथे, ती चांगल्या अक्षरात तेच करतील.

पण हे शिक्षकांना ऐकवणं सोपं होतं. मावशीकडे जायला मला तीन महिने लागले. नव्या पत्रकाचा मसुदा घेऊन गेलेलो. वर मोठ्या अक्षरांत तिचं नाव. कोळीवाड्यात दारात बसून ती भावजयीच्या पोरीची वह्यापुस्तकं शिवत होती, जाळ्याच्या सुईने. तिने चहा विचारला नाही. मसुदा घेतला, वाचला, पेन मागितलं, दोन चुका दुरुस्त केल्या. मग आपल्या नावावर काट मारली.

"नाव काढ."

"का? तुमच्यावर अन्याय झालाय."

"ठावं हाय मना. तुझा कागद दोन दिवसांनी शेंगदाण्याच्या पुडीला जातो. पितळेची पट्टी ऱ्हाते. माझं नाव तिथं लावायला सांग."

"ते नाही लावणार, मावशी."

"मग लाववून घे. कसं ते मना विचारू नको. वही तू दिलीस ना?"

नोकरी परत मिळवून दे असं ती म्हणाली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "परत मे यील."

त्याला दोन वर्षं झाली. मी अर्ज केले, धरणं धरलं, ग्रंथालयाच्या दारात मला एकदा शिपायांनी उचललं. उत्तर ठरलेलं: प्रथा संस्थेची, व्यक्तीची नाही. म्हणून तिचं नाव पट्टीवर लागेपर्यंत कॉलेजचं नावही माझ्या लिखाणात येणार नाही. तिला नाव नाही, तर त्यांनाही नाही.

पण तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला कॉलेज कळलेलं आहे. येत्या जूनमध्ये मुलाला नाहीतर मुलीला घेऊन तुम्ही फॉर्म आणायला जाल. गेटवर चार ताऱ्यांचा बोर्ड आहे, त्याच्यापुढे थांबू नका. सरळ ग्रंथालयात जा. काचेच्या पेटीसमोर उभे राहा आणि विचारा, ही वही कुणाच्या अक्षरात आहे? संस्थेच्या, असं म्हणतील. कागद पुढे करा आणि हे लेखी द्या म्हणा. देत नाहीत तोवर फॉर्म भरू नका. मी एकटा गेलो तेव्हा मला उचलून बाहेर ठेवलं. तुम्ही पोराचा हात धरून रांगेत उभे असाल, तुम्हाला उचलणार नाहीत. विचारा.