संशयी रूम पार्टनर

माझ्या रूम पार्टनरएवढा संशयी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असं कुणी म्हणालंच असतं तर त्याने आधी पुरावा मागितला असता. लातूरला अकरावी-बारावीसाठी आलेल्या आम्हा पोरांना परीक्षेचा, घरच्यांचा आणि मेसमधल्या वांग्याचा धाक असे. याला धाक कशाचाच नव्हता, फक्त भरवसा कुणावरच नव्हता. मी हिमायतनगरहून ट्रंक, वळकटी आणि अम्मीने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझी दहावीची गुणपत्रिका आणि ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावरच्या फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला की फोटोतल्या पोराचे कान मोठे आहेत. मी सांगितलं की फोटोवाल्याने मान फार ताठ धरायला लावली होती, म्हणून तसे दिसतात. हे त्याला पटलं नाही. पण ट्रंकेवर अब्बांनी ऑइल पेंटने घातलेलं नाव गुणपत्रिकेतल्या नावाशी जुळत होतं, तेव्हा मला तात्पुरता प्रवेश मिळाला. तात्पुरता हा शब्द त्याचाच.

आमच्या खोलीचं दार नुसतं वाजवून उघडत नसे. सकाळी क्लासला निघण्याआधी तो एक प्रश्न ठरवायचा, आणि संध्याकाळी जो आधी परतेल त्याने तो दाराआडून दुसऱ्याला विचारायचा. पहिला आठवडाभर प्रश्न होता, आज मेसला भाजी कोणती होती? मी वांगी म्हणायचो आणि दार उघडायचं. आठव्या दिवशी त्याने हा प्रश्न बाद केला. लातुरातल्या कुठल्याही मेसला वांग्याशिवाय काही नसतं, तेव्हा हे उत्तर शहरातल्या कुठल्याही चोराला येतं, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. मग प्रश्न अवघड होत गेले. एकदा सोडियमचा अणुभार आठवेना म्हणून मी अर्धा तास जिन्यात बसून काढला. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळी पोरं काकू म्हणायचो, पाण्याची टाकी भरली का बघायला आल्या, तर त्यांनाही त्याने आतून प्रश्न टाकला. काकूंनी बाहेरूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा त्याने दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "आवाज वळखला होता, काकू. पन आवाजाची नक्कल करनारे लई हायत." काकू त्याच्यावर कायम चिडलेल्या असायच्या, आणि माहेरी जाताना घराच्या किल्ल्या मात्र त्याच्याच हातात देऊन जायच्या.

तो किल्लारीजवळच्या एका गावाचा. भूकंपानंतर दोन वर्षांनी, पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. म्हणजे भूकंप त्याने पाहिलेला नव्हता, पण आजोबांच्या तोंडून तो इतक्या वेळा ऐकला होता की जमिनीवरही त्याचा विश्वास बसत नसे. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे रचून ठेवले होते. जमीन हलली की आधी पेले पडतात, हा आजोबांचा शोध. मागच्या रस्त्याने डाळमिलचे भरलेले ट्रक जायचे. एका दुपारी, सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी, पेले खणखणत खाली आले आणि "भायेर" एवढंच म्हणून त्याने मला पुढे घालून जिना उतरवला. आम्हाला पाहून वरच्या मजल्यावरची पोरं धावली, त्यांना पाहून शेजारच्या इमारतीतली. पाच मिनिटांत त्या गल्लीत लातूरचे शंभरेक भावी डॉक्टर बनियनवर उभे होते, आणि बहुतेकांच्या हातात भौतिकशास्त्राच्या नोट्स होत्या. ट्रक होता हे कळल्यावर पोरांनी त्याला आठवडाभर छळलं. त्याने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. वर जाऊन पेले पुन्हा रचले. हसू मलाही आलं होतं, नाही असं नाही. पण जिन्यात त्याने आधी मला पुढे केलं होतं हे मी विसरलो नाही.

बारावीचं वर्ष अर्धं सरलं आणि त्याला कॉम्प्युटर सापडला. आमच्या क्लासने सराव परीक्षांचे निकाल इंटरनेटवर लावायला नुकतीच सुरुवात केली होती. याने चार दिवस डोकं खाजवून शोधून काढलं की त्या यादीचा पासवर्ड म्हणजे क्लासचं नाव आणि पुढे एक दोन तीन. आत शिरलं की कुणाचेही मार्क कमीजास्त करता येत होते. दुसरा कुणी असता तर त्याने आधी स्वतःचे वाढवले असते. माझ्यापुरती तशी एक नम्र सूचना मी केलीही होती. त्याने कोरा कागद घेतला, डावीकडे 'प्रति' घातलं, मधोमध 'विषय : आपल्या निकालाच्या यादीचे कुलूप उघडे असल्याबाबत' असं लिहिलं आणि तो रीतसर अर्ज संचालक सरांच्या हातात दिला. सरांना वाटलं, पोरगा धमकी देतोय. त्यांनी गावाहून आजोबांना बोलावून घेतलं. आजोबा आधी जीप आणि मग एसटी बदलून आले, टोपी मांडीवर ठेवून सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं दार उघडं हाय म्हनून सांगाया आला ना सर त्यो? चोर कवा सांगत आस्तो व्हय?" तरी सरांनी याला उचलून शेवटच्या बॅचमध्ये टाकलं, आणि पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड एक दोन तीन चार होता. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो हसला; त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डॉक्टर आम्ही दोघंही झालो नाही. तो नांदेडला इंजिनिअरिंगला लागला, मी बी.एस्सी.ला, आणि खोली पुन्हा एकच घेतली. तिथे त्याने रविवारचं एक व्रत धरलं. आपल्याकडे फॉर्म स्वतः कुणी भरत नाही. चौकातल्या मल्टी सर्व्हिसेसवाल्याकडे जायचं, कागद त्याच्या हवाली करायचे आणि खुर्चीवर बसून पंख्याखाली वाट बघायची. दुकानदार सगळ्यांना एकच पासवर्ड देतो, मोबाइल नंबरही स्वतःचाच घालतो, कारण गिऱ्हाईक विसरतं आणि मग त्याच्याच डोक्याला ताप. लोकांचे आधार, जातीचे दाखले, बापांचे सातबारे त्या कॉम्प्युटरवर उघडे पडलेले. हा दर रविवारी एकेका दुकानात जाऊन बसायचा, परक्या लोकांचे ते कागद पुसून टाकायचा आणि मग दुकानदाराला व्याख्यान द्यायचा. दोघांनी त्याला बाहेर काढलं. तिसऱ्याने चहा पाजला आणि दर रविवारी ये म्हणाला. एकदा मी सहज विचारलं, की दुसऱ्याचे कागद तू कुणाला विचारून पुसतोस? त्या दिवसापासून त्याने एक वही घातली आणि आजवर कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये न विचारता हात घातला ते आठवून आठवून लिहायला लागला. मी आपलं थट्टेत विचारलं होतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका शिष्यवृत्तीची जाहिरात आली. एका विद्यापीठात दोन वर्षं संगणक-सुरक्षेचं शिक्षण, फी आणि राहण्या-खाण्याची सोय सरकारची, आणि बदल्यात शिकून झाल्यावर काही वर्षं सरकारी कचेऱ्यांमधल्या कॉम्प्युटरांची राखण करायची. जाहिरात खोटी असणार असं त्याने आधी गृहीतच धरलं. विद्यापीठात फोन लावला, तेवढ्याने भागलं नाही म्हणून बसमध्ये बसून तिथे जाऊन आला आणि फलकावरची सूचना डोळ्यांनी वाचून आला. परत आला तो वेगळाच. इतक्या वर्षांत कुठल्याही गोष्टीसाठी जीव टाकताना मी त्याला पाहिलं नव्हतं. घरी वडिलांनी वेगळंच ठरवलं होतं. लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायला त्याला बोलावणं आलं होतं आणि वडिलांनी हो कळवूनही टाकलं होतं. बरीच बोलाचाली झाल्यावर एवढंच ठरलं, की शिष्यवृत्ती मिळाली तर तिकडे, नाही मिळाली तर मुकाट्याने क्लास. मला म्हणाला, "शिकवायला मायंदाळ लोकं हायत. राखनीला कोन हाय?"

आणि मग त्या अर्जात तो प्रश्न निघाला : अर्जदाराने परवानगीशिवाय कोणत्याही संगणकप्रणालीत कधी प्रवेश केला आहे काय? असल्या रकान्यात 'नाही' लिहायचं असतं हे आपल्याकडे लहान मूलही सांगेल. दुकानदार तर प्रश्न न वाचताच 'नाही' करून टाकतो. याने 'हो' लिहिलं आणि वहीतून उतरवून काढलेली तीन पानं सोबत जोडली. लातूरच्या क्लासपासून नांदेडच्या दुकानांपर्यंत, सगळी. मी कधी नव्हे तो त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, वेड लागलंय तुला, हे वाचून ते तुला दारातही उभं करणार नाहीत, 'नाही' लिही आणि मोकळा हो. तो ऐकेना. मी रागाने जेवलो नाही. तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी सहा वर्षं एका खोलीत राहून त्याने कधी सांगितली नव्हती. भूकंपात आजोबांचा पाय मोडला आणि ते बरेच दिवस दवाखान्यात होते. गावी आले तर नव्या घरांच्या यादीत त्यांच्या नावापुढे अंगठा उठलेला होता. कुणीतरी परका माणूस आजोबा बनून घर घेऊन गेला होता. पुढची दोन वर्षं आजोबा मोडक्या पायाने कचेरीचे जिने चढत राहिले, आपण आपणच आहोत हे पटवून देत. याचा जन्म शेडमध्ये झाला तो त्यामुळे. "अंगठा देताना त्या मानसालाबी वाटलंच आसंल," तो म्हणाला, "की एवढ्या गर्दीत कोन बघायलंय." तरी माझं मत बदललं नाही. मला त्याची निवड व्हायला हवी होती.

मुलाखतीला बोलावलं हेच नवल. तिथे दाखले गोळा करणाऱ्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, म्हणून याने दाखले द्यायचं नाकारलं आणि सगळी रांग अर्धा तास खोळंबली. आत तिघांनी ती तीन पानं ओळीने वाचली आणि त्यावरून एक तास उलटतपासणी घेतली. बाहेर येऊन म्हणाला, काही सांगता येत नाही, म्हणाले चौकशी करून कळवू. मग दोन महिने काहीही नाही. मी एक वर्ष गमावून का होईना, बी.एस्सी. संपवून हिमायतनगरला परतलो होतो, दिवसा एका शाळेवर तासिका घ्यायचो आणि संध्याकाळी अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात काजं-बटणं करायचो. लातूरचा क्लास वडिलांना रोज फोन करत होता. त्याने क्लासवर शिकवायला जाण्यासाठी नव्या शर्टाचं कापड घेतल्याचं मला कळवलं, तेव्हा मी समजलो की त्याने आशा सोडली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साध्या कपड्यातले एक साहेब दुकानात आले. मी ओळखपत्र मागितलं. त्यांनी न रागावता दाखवलं. माझ्या मित्राची चौकशी होती. किती वर्षं ओळखता, संगत कशी, वागणूक कशी, असं विचारत विचारत ते त्या रकान्यावर आले. अर्ज भरला तेव्हा तुम्ही सोबत होता? मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "त्या प्रश्नाला काय लिहावं, याबद्दल तुमचं काही बोलणं झालं होतं?"

अब्बांनी मशीन थांबवलं. खरं सांगावं तर सरकारला फसवायला सांगणारा मी, आणि अशा माणसाशी याची सहा वर्षांची संगत. त्याचं होतं नव्हतं ते माझ्या तोंडून जाणार. 'नाही, काहीच बोलणं झालं नाही' हे वाक्य माझ्या ओठांवर येऊन उभं होतं. का कोण जाणे, मी म्हणालो, "झालं होतं. मी 'नाही' लिही म्हणालो होतो. त्यावरून आमचं भांडण झालं."

साहेबांनी हातातला कागद फिरवून माझ्यासमोर धरला. अर्जदाराला पूर्णपणे ओळखणारी, नात्याबाहेरची एक व्यक्ती, असा रकाना होता. त्यात माझं नाव, अब्बांच्या दुकानाचा पत्ता, आणि खाली त्याच्या त्या टोकदार अक्षरात दोन ओळी : 'यांनी मला नाही लिहिण्याचा सल्ला दिला होता. तो मला मान्य नाही. तरी माझी चौकशी यांच्याकडेच करावी, हे खोटे बोलणार नाहीत.'

पुढच्या महिन्यात त्याला शिष्यवृत्तीचं पत्र आलं. शिक्षण झालं, करारातली नोकरीची वर्षंही संपली, तरी तो सरकारी कचेरी सोडून गेला नाही. कुठली कचेरी, तिथे काय करतो, ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. ईदला न चुकता फोन येतो, अब्बांची तब्येत विचारतो, दोन मिनिटांत ठेवतो. मला त्याची फार आठवण येते. दर वेळी फोन ठेवताना मनात येतं, की त्या संध्याकाळी दुकानात मी क्षणभर खोटं बोलायचं नक्की केलं होतं, हे त्याला सांगून टाकावं. अजून सांगितलेलं नाही.