मागच्या दाराची खोली

"ही तुझी," सुमतीताई म्हणाल्या आणि पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं.

स्टाफरूमच्या टेबलावर शिक्षकांच्या नव्या क्वार्टर्सचा नकाशा पसरला होता. आठ घरं. प्रत्येकाला दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. पेन्सिल टेकली होती ती जागा या आठांतली नव्हती. तळमजल्यावर, जिन्याच्या पाठीमागे, एकच खोली. शेजारी कचऱ्याच्या पिशव्या ठेवायची जागा. दार मागच्या गल्लीत उघडणारं. आतून जिन्याकडे जायला वाटच नाही.

मी म्हटलं, "घरं आठ आहेत. आणि आपण शिक्षकही आठच आहोत."

"एक फ्लॅट पाहुण्यांसाठी ठेवायचं ठरलंय. आणि तुला बघ, वेगळं दार आहे. प्रायव्हसी!"

टेबलाभोवती बाकीचे सात जण बसले होते. कोणी नकाशाकडे बघेना, कोणी माझ्याकडे. भूगोलाच्या सरांचं बिस्कीट चहात तुटून पडलं, तर ते चमच्यानं काढत बसले. बराच वेळ. या सातांपैकी तिघांना पहिल्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसात नेऊन त्यांची नोंदणी मी करून दिली होती. त्यांच्या बायकांना कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते मी शिकवलं होतं. एकानंही मान वर केली नाही.

"मलाच का?" मी विचारलं.

सुमतीताई हसल्या. हळदीकुंकवाला दारात उभं राहून हसतात तसंच.

"अगं, बाकीच्यांच्या घरी देव आहेत. एकच जिना, एकच कॉरिडॉर. उद्या कोणी काही बोललं तर तुलाच वाईट वाटेल. तुझाच विचार केला मी. आणि इथे आपल्याकडच्यासारखं काही नाही हं, उगाच मनात आणू नकोस."

बाहेर मैदानामागे जमीन तपासायचं मशीन चालू होतं. धप्प. धप्प. प्रत्येक धक्क्याला काचा थरथरत. भूकंपानंतर शाळेतली मुलं असल्या आवाजाला सरळ बाकाखाली शिरत. त्या दिवशी मलाही टेबलाखाली शिरावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू.

सुमतीताई कोण ते सांगते. पुण्याच्या. यजमान बँकेत साहेब, जपानात कोबेला पोस्टिंगवर आलेले. मी मुंबईहून नवऱ्यामागे आले तेव्हा आधी भेटल्या त्या याच. "बी.एड. आहेस आणि घरी बसतेस? वेडी आहेस का?" म्हणून हाताला धरून मला या शाळेत आणलं. शाळा आपल्या इथल्या व्यापाऱ्यांच्या ट्रस्टची, डोंगराच्या उतारावर; सुमतीताई त्या ट्रस्टच्या कमिटीवर. सहा वर्षं मी तिथे गणित शिकवते आहे. बाईंचे उपकार आहेत, नाकारत नाही. पण उपकार करणारा माणूस आपल्याला कुठे बसवायचं तेही ठरवतो, हे मला उशिरा कळलं.

मग भूकंप झाला. आमचं भाड्याचं घर बसलं. अर्ध्या गावाच्या छपरांवर निळं प्लास्टिक आलं. धड उभी असलेली घरं कमी आणि मागणारे जपानीच इतके, की परदेशी माणसाला दलाल खुर्चीसुद्धा देईना. देईल तो आधी विचारणार, जामीनदार कोण? शाळा जामीन राहिली म्हणून आम्हाला एक खोली मिळाली. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा. आता मालकाला ती इमारत पाडायची आहे. मार्चअखेर खोली सोडा म्हणून त्यानं सांगून ठेवलंय. वाकून, माफी मागून, पण सांगितलंय.

शिक्षक शाळा सोडून तोक्योकडे जाऊ लागले तेव्हा ट्रस्ट जागा झाला. मैदानामागे शाळेचीच पडीक जमीन आहे. तिथे स्टाफसाठी घरं बांधायची, भाडं पगारातून झेपेल एवढंच. आम्ही किती खूश झालो! नवऱ्यानं पडद्यांची मापंसुद्धा मनातल्या मनात घेऊन टाकली.

या देशात बांधकामाआधी आजूबाजूच्या प्रत्येक घरी जायची रीत आहे. वाकून सांगायचं, आवाज होईल, धूळ होईल, सांभाळून घ्या. हातात कागदात गुंडाळलेला टॉवेल द्यायचा. न सांगता खड्डा खणला तर शेजारी जन्मभर विसरत नाहीत. जपानी येणारी मी एकटी. म्हणून हे काम माझं. दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर चढउतार करत मी बत्तीस दारं वाजवली. बत्तीस वेळा कमरेत वाकले. गल्लीच्या मंडळाच्या प्रमुख मोरी-सान, सत्तरीच्या बाई, त्यांनी टॉवेल घेतला आणि विचारलं, "कोण राहणार तिथे?"

"शिक्षक. मीसुद्धा. मी तुमची शेजारीण होणार."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

चूक माझ्याकडून झाली ती यानंतर. ट्रस्टनं घरासाठी फॉर्म काढला. नाव, मूळ गाव, घरातली माणसं, शाकाहारी की मांसाहारी, धर्म. मी लिहिलं, बौद्ध. विचार न करता लिहिलं. मुंबईत असते तर पेन अडलं असतं. पण इथे सात वर्षं 'आम्ही बौद्ध' म्हटलं की लोक खुलायचे. घरमालकाची आई तर 'आम्हीपण, आम्हीपण' म्हणत मला संत्री द्यायची. इथे तो शब्द इतका साधा होता की मी बेसावध झाले. तो फॉर्म जपानी माणूस वाचणार नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मराठी आडनाव, नागपूरकडचं गाव आणि धर्म बौद्ध. सुमतीताईंना पुढचं कळायला किती वेळ लागणार?

कोणी काही बोललं नाही. तेच तर भयंकर होतं. संक्रांतीचं बोलावणं आलं नाही. स्टाफरूममधला माझा कप एके दिवशी वेगळ्या खणात गेला. मी तो परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या खणात. सुमतीताई दिसल्या की "काय गं, बरी आहेस ना?" म्हणायच्या, आणि पाऊल मागे घ्यायच्या. मी स्वतःला समजावत होते, तुझ्या मनाचे खेळ आहेत. संध्याकाळी डोंगरावरून रानडुकरं उतरायची आणि त्या मोकळ्या जमिनीत खणून जायची. सकाळी नवे खड्डे दिसायचे. कोणी आलं ते दिसायचं नाही, येऊन गेलं एवढंच दिसायचं. त्या दिवसांत माझ्याभोवती माणसंही तशीच वागत होती.

आणि मग तो नकाशा.

नवऱ्याला सांगितलं. त्याच्या कंपनीचे मालक आणि शाळेचे चेअरमन रोज एकत्र जेवतात. तो म्हणाला, "मार्चनंतर पोरीला घेऊन कुठे जायचं, सांग. छप्पर तर मिळतंय ना?"

मुलगी तिथेच होती. आठ वर्षांची. जपानीत म्हणाली, "कचऱ्याजवळ? का?" मी तिचं दप्तर आवरायला घेतलं.

शाळेच्या जमिनीवरचं घर मला नवीन नव्हतं. माझे वडील शाळेत शिपाई होते. त्यांना क्वार्टर होतं, मुतारीला लागून. मास्तरांची घरं पुढे, रस्त्याकडे तोंड करून. आम्ही मुलं मागून जायचो, मागून यायचो. कोणी सांगायचं नाही, आम्हालाच माहीत होतं. वडील म्हणायचे, "शिक, म्हणजे पुढून जाशील." शिकले. समुद्र ओलांडून आले. आणि एक पेन्सिल मला पुन्हा मुतारीच्या बाजूला नेऊन ठेवत होती. रडू नाही आलं. संताप आला, आणि त्या संतापानं मला आठवडाभर नीट जेवू दिलं नाही.

शेजाऱ्यांची सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. बांधकामाला त्यांची हरकत नाही ना ते विचारायचं, सह्या घ्यायच्या. समोर पन्नासेक माणसं, पायांत शाळेच्या सपाता. या बाजूला चेअरमन, सुमतीताई, इंजिनिअर. मध्ये मी, दुभाषी.

मोरी-साननी नकाशावर बोट ठेवलं. "हे मागचं दार आमच्या गल्लीत उघडतं. या खोलीत कोण राहणार?"

मी चेअरमनना मराठीत सांगितलं. त्यांना मराठी उत्तम येतं. ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांग, वॉचमनची खोली आहे."

सुमतीताई हळूच म्हणाल्या, "सांग ना गं."

मी माइक धरून उभी होते. माझ्याच तोंडून मला वॉचमन करायला निघाले होते. आणि खरा वॉचमन असता तरी त्याला कचऱ्याशेजारी का? आत काहीतरी तुटलं नाही. उलट घट्ट झालं.

मी जपानीत म्हणाले, "चेअरमन म्हणतात, ही पहारेकऱ्याची खोली आहे. हे खरं नाही. ही खोली मला दिली आहे. मी इथे गणित शिकवते. मी ज्या घरात जन्मले त्यामुळे मी बाकीच्यांच्या जिन्यावर चालू नये, असं यांना वाटतं. मी तुमच्या दारात येऊन सांगितलं होतं की मी तुमची शेजारीण होणार. मी कुठल्या दारानं येणार, ते तेव्हा मला माहीत नव्हतं."



"काय सांगितलंस तू?" चेअरमननी विचारलं. एवढं लांब वॉचमनचं वाक्य नसतं, हे त्यांनाही कळलं होतं.

"खरं ते सांगितलं," मी म्हणाले, आणि शब्दन् शब्द मराठीत परत सांगितला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी उठून माझ्या बाजूला आलं नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, "हा तुमच्या लोकांचा प्रश्न आहे." मोरी-साननी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या, "आधी घरातलं ठरवा. मग सह्या." सगळे उठले, सपाता रांगेत लावल्या आणि निघून गेले. सह्यांचा कागद कोराच राहिला.

सुमतीताईंनी मला जिन्यात गाठलं. "परदेशात आपल्या लोकांची अब्रू घालवलीस. मी आणलं तुला इथे!"

"आणलंत तुम्ही," मी म्हणाले. "पण अब्रू तुम्ही घालवलीत. मी फक्त भाषांतर केलं."

परवा शाळेचं पत्र आलं. लेखी माफी मागावी, शेजाऱ्यांसमोर वाचून दाखवावी, 'भाषेमुळे गैरसमज झाला' असं म्हणावं. तसं केल्यास पहिल्या मजल्यावरच्या घराचा विचार होईल. न केल्यास शाळा माझा जामीन काढून घेईल आणि नोकरीचा करार पुढे चालू ठेवायचा का, ते मंगळवारच्या बैठकीत ठरेल.

भूगोलाचे सर संध्याकाळी घरी येऊन गेले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "मॅडम, एक कागद तर आहे. घर मिळेल. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवते," मी म्हणाले.

काल रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्यानं ते पत्र पुन्हा वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, "मला भीती वाटते." मी म्हटलं, "मलाही." त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्याचीही नोकरी टांगली आहे.

आज सकाळी मी उत्तर लिहिलं आणि ऑफिसात स्वतः नेऊन दिलं. पोच घेतली. त्यात तीन वाक्यं आहेत. मी माफी मागणार नाही. भूकंपानंतर नगरपालिकेनं तात्पुरती घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, तशी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून आठ शिक्षकांना आठ घरं वाटा. ते होईपर्यंत त्या इमारतीसाठी मी जपानीतला एक शब्द बोलणार नाही.

मंगळवारी काय होणार ते मला दिसतंय. कदाचित नोकरी जाईल. कदाचित मार्चअखेर सामान घेऊन आम्ही फुटपाथवर असू. मशीन आजही चालू आहे, सह्या नसतानाही. त्यांना वाटतं, मी वाकेन. बत्तीस दारांत मी वाकले, हे त्यांना माहीत आहे.

मला त्या जमिनीवर घर हवंय. दयेचं नको, माफीच्या बदल्यातलं नको, कचऱ्याशेजारचं नको. जिना चढून जायचं हवंय. मंगळवारी मी त्या बैठकीला जाणार, मला बोलावलेलं नाही तरी जाणार, आणि आठ नावांच्या आठ चिठ्ठ्या घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवणार.