कचरूकाकांचा बंद फोन

आम्रपालीचा परक्यांवर भरवसा नव्हता. बिबवेवाडीच्या वस्तीतल्या एकशे बारा घरांची जुनी लाइटबिलं, झोपडीचे फोटोपास, मतदारयादीची पानं तिने दारोदार फिरून फोनमध्ये टिपली होती. ती एखाद्या कंपनीच्या क्लाउडवर टाकू, असं कुणी म्हटलं की तिचं डोकं सरकायचं. आपली कागदं लोकांच्या कपाटात कशाला? स्वतः धडपडून शिकून तिने एक मोफत सॉफ्टवेअर बसवलं. मध्ये कुणी दलाल नाही. तिचा फोन, कसबा पेठेत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या रशीदाभाभींचा कॉम्प्युटर आणि निवृत्त सफाई कामगार कचरूकाकांचा फोन. एकीकडे टाकलं की तिन्हीकडे हजर.

एकीकडे पुसलं की तिन्हीकडे साफ, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तीनला, पुनर्वसनात कुणाला घर मिळणार त्या पात्रतेची सुनावणी होती. बाराला ती प्रिंट काढायला दुकानात गेली, तर फोल्डर रिकामा. तिच्या फोनमध्येही तेच. भाभी म्हणाल्या, कॉम्प्युटर भरला होता, गिऱ्हाइकं खोळंबत होती. तुझ्याकडे आहेतच म्हणून काढले.

आम्रपालीने सेटिंग उघडून पाहिलं. पुसलेल्या प्रती जपून ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. जागा वाचवायला तिनेच ती बंद केली होती. मूळ कागद घरोघरी, आणि वस्ती कामावर गेलेली.

उरला कचरूकाकांचा फोन. बॅटरी गेल्याने तो सोमवारपासून बंद होता. काका कात्रजला लेकीकडे. तिने त्या लेकीला, राधाला फोन लावला. राधा म्हणाली, नवी बॅटरी कालच आणली, आता बसवतच होते.

"राधा, चालू करू नकोस. आधी वायफायचा प्लग काढ, काकांचं सिम काढ. नेट मिळालं की तोही पुसला जाईल."

"ताई, कुणी हॅक केलंय का?"

"नाही गं. मीच केलंय."

स्वारगेटच्या सिग्नलला ती तीनदा घड्याळ पाहून मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाऊन निघाली. कात्रजला पोचल्यावर चप्पल न काढताच तिने फोन हातात घेतला. सुरू व्हायला तो मेला जन्म लावत होता. फोल्डर उघडला. एकशे अकरा घरं.

तिने दोनदा मोजली. मग सगळं पेनड्राइव्हवर उतरवता उतरवता आठवलं. एकशे बारावं घर काकांचंच. 'माझं मागून घे, आधी लोकांचं बघ,' म्हणत त्यांनी बुधवारपर्यंत टाळलं होतं. तोवर फोन बंद.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "क्लाउडला नावं ठेवताना बरी गं जीभ चालते तुझी."

तिने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"माझे कागद वस्तीतल्या घरी पेटीत आहेत, किल्ली माझ्या कनवटीला आहे," काका उठत म्हणाले. "गाडी काढ. आणि सावकाश चालव, माझी झेरॉक्स नाहीये."