समद्या माझ्याच घरच्या

वाचनालयाच्या बाईंच्या वहीत एकाही बाईमाणसाचं नाव नसायचं. पुस्तक नेलेल्या एकीपुढे लिहिलेलं असे, ‘पासलीची, वरच्या घरची थोरली’. दुसरीपुढे, ‘टाकीजवळची, चष्मा लागलेली’. पुण्यात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी वेल्ह्यात बाईंच्या हाताखाली आले, तेव्हा ती वही पाहून कपाळावर हात मारला होता.

बाईंना त्याचं काहीच वाटत नसे. “वही टेबलावर उघडी असती,” त्या म्हणायच्या. “कुणाचा सासरा, कुणाचा दीर हितं पेपर वाचाया येतो. नाव दिसलं की बाईचं पुस्तक बंद.” बाजारच्या दिवशी बायका मेथीच्या जुडीखाली पुस्तक दडवून न्यायच्या. पुढच्या खेपेला बाई गोष्ट कुठवर आली ते विचारायच्या. सांगता आलं नाही, तर तेच पुस्तक परत पिशवीत.

पण तपासणी आली. वही संगणकावर चढवली नाही तर वाचनालयाची मान्यता जाईल, असं वरून कळवलं होतं. मी हौसेनं कामाला लागले. नावं विचारली, घरचे मोबाईल नंबर घातले. मुदत संपताच संगणकानं आपणहून निरोप धाडले आणि ते गेले थेट नवऱ्यांच्या मोबाईलवर. पुढच्या बाजारी थोरलीचा नवरा पुस्तक घेऊन आला. “आमच्याकडं कामं लई हाईत,” एवढंच बोलून ते टेबलावर ठेवून गेला. त्या दिवशी एकही बाई फिरकली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र म्हणाल्या, “शिकलीस तसं केलंस. त्यात तुझं काय चुकलं?” दुसऱ्या दिवशी त्या ते पुस्तक घेऊन एसटीनं पासलीला गेल्या. थोरलीच्या सासूला अर्धं वाचून दाखवलं, आणि उरलेलं सुनेकडून ऐका म्हणून तिथंच ठेवून आल्या. मग मला सगळे नंबर काढायला लावले आणि प्रत्येकीपुढे आपला एकटीचाच नंबर घालायला सांगितला.

तपासणीच्या साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. “बाई, सगळ्यांचा मोबाईल एकच कसा?”

“व्हय साहेब. समद्या माझ्याच घरच्या.”

साहेब सही करून मोकळे झाले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांचा मोबाईल त्यांच्या लेकानं माझ्याकडे दिला. निरोप त्यावरच येत राहिले. मी त्यांच्या खुर्चीत बसते, पण अजून ती खुर्ची माझी वाटत नाही.

परवा थोरली आली. पिशवीतून मोबाईल काढून म्हणाली, “ह्यो माझा हाय. आता माझा नंबर घाला.” तिच्यापुढचा बाईंचा नंबर खोडताना मला रडू आवरलं नाही. आता संगणक पुस्तक नेतानाही निरोप धाडतो; नवीन पुस्तकाची नोंद झाली तसा तिच्या हातातला मोबाईल वाजला. समोर पेपर वाचत बसलेल्या पुरुषांनी माना वर केल्या. थोरलीनं तो निरोप, स्वतःच्या नावासकट, मोठ्यानं वाचला.